वायर सुटल्यावर

३ नोव्हेंबर, आंधळगाव

पोचले एकदाची! जयसिंगपूरपासून इथपर्यंत सगळा प्रवास मोटरसायकलवर. कंबर मोडलीय, चेहऱ्यावर धुळीचा थर आहे, तरी हसू काही आवरत नाही. रस्त्यावर खड्डे आहेत की खड्ड्यांत रस्ता, हे बघत गाडीवर फिरायचं आणि त्याबद्दल पगार घ्यायचा, अशी नोकरी जगात असते हे दादाला अजून पटलेलं नाही. मस्कतहून फोनवर त्याने दोनदा विचारलं की नेमकं काम काय. दोन्ही वेळा तेच सांगितलं. नागपूरची एक कंपनी आहे. तिला भंडारा जिल्ह्यातल्या गावोगावच्या रस्त्यांचं चित्रण हवंय. हेल्मेटवर कॅमेरा लावायचा, सकाळी निघायचं, संध्याकाळी परतायचं. बस्स.

खोली छान मिळालीय. मालक सेवकरामकाका धानाची शेती करतात. आता कापणीचे दिवस, त्यामुळे अंगणापर्यंत पेंढ्या आलेल्या. रुखमाकाकूंनी मला गाडीवरून उतरताना पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. "एकटीच आली काय वं बाई? एवढ्या लांबून? बाप्पा!" म्हणाल्या आणि पाणी आणायला पळाल्या. मुलगी गुंजन मोहाडीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. तिने माझ्याकडे नंतर पाहिलं, आधी गाडीभोवती एक फेरी मारली. आमचं जमणार.

जेवायला भात, लाखोळीची डाळ, वांगी. पलीकडच्या गल्लीत कोशाच्या रेशमाचे माग चालतात, त्यांचा आवाज जेवताना येत होता. झोप येतेय.

६ नोव्हेंबर

कामातली खरी अडचण पहिल्याच दिवशी कळली : कॅमेऱ्याचं पोट. एका बॅटरीवर तो तासाभराच्या थोडं पुढे चालतो. मला तर दिवसभर चालवायचाय. कंपनीची अट अशी की चित्रण अखंड हवं, मध्ये तुटलं तर तो रस्ता पुन्हा. म्हणजे बॅटरी संपत आली की गाडी बाजूला घ्या, हातमोजे काढा, झाकण उघडा, नवी घाला. तेवढ्यात भोवती माणसं जमतात. आज एका आजोबांनी विचारलं, की डोक्यावर फोन बांधून कोणाशी बोलून राहिली.

मग पॉवर बँक टाकीवरच्या पिशवीत ठेवली, वायर जाकिटाच्या आतून कॉलरपाशी काढली आणि हेल्मेटच्या हनुवटीवरल्या कॅमेऱ्यात खोचली. पण आत बॅटरी आणि बाहेरून वीज असं दोन्ही झालं की कॅमेरा तापतो. एक बॅटरी फुगलीच. तर आता बॅटरी काढून टाकायची आणि नुसत्या वायरवर चालवायचा. तोटा इतकाच, की वायर निसटली की कॅमेरा त्या क्षणी मरतो.

कॅमेरा कंपनीचाच, वापरलेला, कोपऱ्यावर घासलेला. आधी जो मुलगा हे काम करत होता त्याने मध्येच सोडलं म्हणे.

९ नोव्हेंबर

मोहाडीला तुलाराम मिस्त्रींकडून गाडीच्या बॅटरीवरूनच चार्जर काढून घेतला. हँडलशेजारी छोटा सॉकेट, मध्ये फ्यूज, आणि किल्ली बंद केली की तोही बंद, म्हणजे गाडीची बॅटरी उतरायला नको. पॉवर बँकचं ओझं गेलं. मान वळवताना ओढ बसू नये म्हणून वायर खांद्यापाशी सैल सोडलीय.

आज दिवसभराचं चित्रण एकसंध मिळालं. संध्याकाळी गुंजनसोबत लॅपटॉपवर पाहिलं. तिचंच गाव, तिच्याच धानाच्या बांध्या, शेजारची ओळखीची बाई डोक्यावर भारा घेऊन चाललेली, तरी ती सिनेमा बघावा तशी बघत होती. म्हणाली, "ताई, आमचं गाव असं दिसते काय? मले तं कधी दिसलंच नाही."

१६ नोव्हेंबर

रविवार. गुंजनला गाडी शिकवली, तलावाच्या पाळीवर. पाळ रुंद आहे, दोन्हीकडे गवत, पडलं तरी लागत नाही. ती दोनदा पडली आणि दोन्ही वेळा माझ्या आधी उठून गाडीला काही लागलं का बघत होती. काका लांबून ओरडत होते, की माहेरी ट्रॅक्टर चालवून घे, सासरी सायकल भी नाही मिळणार. पण हसत होते.

मला इथे बरं वाटतंय. आई गेल्यापासून इतकं बरं वाटलं नव्हतं.

२० नोव्हेंबर

आज विचित्र झालं. पवनी तालुक्यात होते, अड्याळच्या आसपासचे रस्ते. सकाळी निघाले ते भंडाऱ्यावरून सरळ तिकडे, मग गावोगाव. कॅमेऱ्याचा लाल दिवा आरशात दिसतो, तो सतत चालू होता. परत येताना चहाला थांबले, हेल्मेट काढलं, तर वायर खांद्यावरून खाली लोंबतेय. पिन मोकळी. तिच्यावर वाळलेला चिखल होता आणि असा चिखल मी दुपारी एका नाल्यापाशी तुडवला होता, त्यानंतर नाही.

म्हणजे दुपारपासून वायर सुटलेली. आत बॅटरी नाही, मी स्वतः झाकण उघडून पाहिलं. रिकामा कप्पा. पण घरी येऊन पाहिलं तर चित्रण संपूर्ण आहे. नाल्यानंतरचंही. चहाच्या टपरीचंही, मी हेल्मेट काढेपर्यंत.

कॅमेऱ्यात कुठेतरी थोडी वीज साठून राहत असेल. तासन् तास? असो. फार थकलेय, दोन घास खाऊन पडले.

२२ नोव्हेंबर

नीट तपासलं. भर सकाळी, अंगणात, डोकं ताळ्यावर ठेवून.

कॅमेरा पाटावर ठेवला. वायर नाही, बॅटरी नाही. बटण दाबलं. मेलेला. हेल्मेटवर बसवला, हेल्मेट पाटावर. मेलेला. हेल्मेट डोक्यात घातलं. टूँ करून आवाज आला आणि लाल दिवा लागला. मी बटणाला हातही लावला नव्हता. काढलं, विझला. घातलं, लागला.

गुंजन टाळ्या वाजवायला लागली, तिला वाटलं मी जादू दाखवतेय. मलाही क्षणभर हसू आलं. मग पायरीवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी तिथेच बसले.

२५ नोव्हेंबर

भंडाऱ्याला डॉक्टरांना दाखवलं. रक्त ठीक, बीपी थोडं कमी. अशक्तपणा आहे, म्हणाले, उन्हातान्हात फिरू नका. ऊन कुठलं, मला दुपारी स्वेटर लागतो. हनुवटीला मात्र कॅमेऱ्याची ऊब लागत राहते.

कंपनीच्या रितामॅडमना फोन केला. कॅमेरा बिघडलाय, दुसरा द्या. त्यांनी बिघाड काय तेही विचारलं नाही. म्हणाल्या, आधीचा चंद्रकुमारही शेवटी असंच काहीतरी सांगत होता, सोमवारी कुणाला तरी पाठवते, तोवर वापरू नका. चंद्रकुमार कुठला, विचारलं. भंडाऱ्याजवळच्या शहापूरचा, म्हणाल्या. हायवेवर घर आहे.

हेल्मेट कॅमेऱ्यासकट खिळ्याला टांगलं. सोमवारपर्यंत हात लावणार नाही.

२८ नोव्हेंबर

नीट लिहिलं पाहिजे.

खिळ्याला हेल्मेट टांगलं, वळले. आणि पुढच्या क्षणी मी अंगणात होते, सकाळ होती, मी गाडीवर काकांच्या मागे बसलेले आणि गुंजन माझ्या हनुवटीखाली हेल्मेटचा पट्टा आवळत होती. मी विचारलं, कुठे निघालो? ती किंचाळली. काकू धावत आल्या आणि रडायला लागल्या.

मधले दिवस माझ्याकडे नाहीत. झोप नव्हती, झोपेतून उठल्यावर झोपल्याचं कळतं. काकूंनी सांगितलं की मी खाटेवर बसून होते. डोळे उघडे. भरवलं तर गिळत होते. हाक मारली तर नाही. अंग थंड. आज मला मोठ्या दवाखान्यात न्यायला निघाले होते आणि हायवेवर पोलीस अडवतात म्हणून गुंजनने मला हेल्मेट घातलं.

दिवा लागलाय. मी लिहितेय ते हेल्मेट घालूनच.

२९ नोव्हेंबर

काल संध्याकाळी धीर करून काढून पाहिलं. पट्टा सोडल्याचं आठवतं. नंतर एकदम सकाळ, हेल्मेट डोक्यात, समोर गुंजन. तिनेच परत घातलं होतं. म्हणाली, "तुम्ही तशा बसल्या न ताई, तं मले पाहवत नाही."

आता काढत नाही. झोपतेही यातच.

३० नोव्हेंबर

शहापूरला गेलो. गाडी गुंजनने चालवली, मी मागे. चांगली चालवते आता.

चंद्रकुमारचं घर लगेच सापडलं. त्याची बायको मोना दारात तांदूळ निवडत होती. माझं हेल्मेट बघून तिच्या हातातलं सूप खाली गेलं. काही न विचारता आत घेऊन गेली. तो भिंतीला टेकून बसलेला, वय असेल तिशीचं, मनगटं काठीसारखी. डोळे उघडे. मोनाने सांगितलं, कॅमेरा कंपनीत परत दिला त्याच संध्याकाळपासून हा असा आहे. नागपूरला दाखवलं, सगळीकडे दाखवलं.

मी त्याच्यासमोर बसले. दिव्याचा लाल ठिपका त्याच्या डोळ्यांत दिसला. त्याची मान हळूहळू वळली. अगदी खालच्या आवाजात, जिभेला सवय नसल्यासारखं, तो म्हणाला, "चालू हाये काय? मले लाव."

मोनाने माझा हात धरला. "म्याडम, सहा महिन्यांत पहिल्यांदा बोलले हे. एक घडी द्या. एक घडी फक्त. मी हात जोडते." मी हात सोडवून घेतला. काढलं असतं तर मीच बंद पडले असते, हे तिला कसं सांगू. गुंजनने मला ओढत बाहेर आणलं. मोना रस्त्यापर्यंत मागे आली. नुसती उभी राहिली.

२ डिसेंबर

काल कंपनीचा माणूस आला होता. काकांनी त्याला फाटकाच्या आत येऊ दिलं नाही, बाई बीमार हाये म्हणाले. मी आतून ऐकलं. त्याने कॅमेरा नेला असता तर? राहू दे म्हणावं, की ने म्हणावं? दोन्हीकडून संपणार मीच.

दादाला गुंजनने फोन केला. सुट्टी मागितलीय म्हणाला.

दिवा आता सारखा लुकलुकतो. लुकलुकणं म्हणजे वीज संपत आली. तो लुकलुकतो तेव्हा माझ्या बोटांतून पेन पडतं. मी वायर जोडून पाहिली, पॉवर बँक, भिंतीतला चार्जर, नवी बॅटरी. काही घेत नाही. त्याला ते आता नकोच.

४ डिसेंबर

आज कळलं. उशिरा कळलं.

गुंजन माझे पाय चेपत बसते. ती बसली की दिवा स्थिर होतो. मला बरं वाटतं, भूक लागते, आम्ही गप्पा मारतो. मला वाटायचं तिच्या मायेने. आज ती उठायला गेली आणि दाराची चौकट धरून उभी राहिली. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाली. हात बघितले तिचे. नखं निळसर.

माझ्यात काही उरलं नाही म्हणून तो —

तिला सांगितलं, मला हात लावायचा नाही. हसली. "बस काय ताई. एवढ्यानं काय होते." मी ओरडले. तिला वाटलं तापात बोलतेय.

६ डिसेंबर

गुंजन बांधीत पडली, धानाचा भारा उचलताना. काकांनी उचलून आणली. शुद्धीवर आहे, पण फार थंड. मी काकांना सगळं सांगितलं. त्यांनी गुंजनच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. मग म्हणाले, "बाई, तू माही पोरगीच हायस. पण ही भी माही पोरगी हाये."

मी म्हटलं, काका, फेकून द्या. खोल पाण्यात. मीच पट्टा सोडते.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आहे. त्यांना वाटतंय मी बरी होईन. मी होणार नाही. चालेल. गुंजन होईल.

सोडते आता.

तारीख माहीत नाही

हेल्मेट ओलं आहे. पाण्याचा, शेवाळाचा वास. दिवा चालू.

गुंजन समोर बसलीय. ओळखू येत नाही — गाल आत गेलेत, केस किती विरळ झालेत, बरी झालीच नाही. तिने ढिवरांना सांगून तलावात जाळं टाकायला लावलं. त्यांना सांगितलं, माझ्या बहिणीची वस्तू आहे. मी विचारलं, का? ती म्हणाली, "तुम्ही मरून राहिल्या होत्या, ताई. दवाखान्यातून वापस पाठवलं. मी कशी पाहत बसू?"

तिच्याकडून शपथ घेतली. पुन्हा घालायचं नाही. काही झालं तरी. तिने मान हलवली. तिच्यासमोर काढते —

पुन्हा सकाळ

घातलं. शपथ मोडली तिने. तिचे हात माझ्या हनुवटीखाली, बर्फासारखे. मी ढकललं तिला. ताकद होती माझ्यात ढकलायला — तिचीच.

काढते.

पुन्हा

मी काढते. ती घालते. मी काढते —

तिला आता नीट बसताही येत नाही. भिंतीला टेकून घालते. म्हणाली, दादा निघालेत ताई, तवरक फक्त. तवरक.

पेन लपवलं तिने. काढण्याआधी मी लिहिते, पेन नसलं की काढणार नाही असं तिला वाटतं. ही पेन्सिल काकांची आहे.

दुपार असावी

या वेळी घालणारी गुंजन नाही. समोर काकू. काकूंनी घातलंय.

खाटेवर गुंजन बसलीय. डोळे उघडे. मी हाक मारली, आवाज निघाला नाही. ओठ हलत नाहीत. हात तेवढा हलतो.

काकू म्हणतात, "बाई, तुले माहीत हाये न? माह्या पोरीले कसं उठवू? सांग न वं माय. कसं उठवू तिले?"

माहीत आहे. तेच तर. हे तिच्या डोक्यात घातलं की ती उठेल. काकू तिला धरून बसतील. आई आहे, सोडणार नाही — आणि मग काकू —

नाही सांगणार. मान हलवतेय, नाही, नाही. त्यांना वाटतं नाही म्हणजे उठणार नाही. त्या रडतायत.

काका दवाखान्यासाठी गाडी बघायला गेलेत. काकूंना वाचता येत नाही. काका, आल्यावर हे वाचा. आधी हे वाचा. तलावात नको, आगीत टाका. तिला हात —

काकू हेल्मेटकडे बघतायत. माझ्याकडे नाही. दिव्याकडे. मग गुंजनकडे. मग परत दिव्याकडे —

कळलं त्यांना.

मी पट्टा धरून ठेवलाय एका हाताने. त्या माझी बोटं एकेक करून सोडवतायत. किती हळू. माफी मागतायत. "एक घडी माय, एकच घडी दे मले तिच्यासंगं —"

काकू, तिला धरून बसू नका. घाला, पण हात लावू नका तिला, लांब बसा, काकू लांब ब